दुसरी टीप : आमची वाटचाल

सांगलीच्या गावभागातील दोन खोल्यांत २००९ साली मी पहिले झबले शिवले, तेव्हा माझी मुलगी चार महिन्यांची होती आणि विकतच्या झबल्याची आतली शिवण काचून तिच्या काखेत लाल वळ उठला होता. सासूबाईंची काळी पायमशीन कोपऱ्यात चादरीखाली झाकलेली होती. तिचा पट्टा बदलला, शटलमध्ये अडकलेला जुना धागा सुईने कोरून काढला, तेल घातले आणि त्यांच्याच धुऊन मऊ झालेल्या नऊवारीतून सहा झबली बेतली. शेजारणींनी ती पाहिली, मग कुंची मागितली, लाळेरी मागितली आणि वर्षभरात मी पूर्ण बाळंतविडा शिवून देऊ लागले.

लहान मूल सांभाळून शिवणकाम कसे जमले, असे बायका मला अजूनही विचारतात. आमच्याकडे वेळापत्रक मुलीच्या झोपेने ठरत असे. बेतणे आणि कापणे रात्री ती झोपल्यावर, कारण कात्री आणि रांगते मूल एका चटईवर नांदत नाहीत. मशीनवरची टीप दुपारच्या झोपेत. आणि झबल्याचे बंद उलटवणे, तुरपाई, धागे तोडणे ही कामे ती शेजारी खेळत असताना. टाचण्या मी पहिल्याच महिन्यात घरातून हद्दपार केल्या आणि त्यांच्या जागी कच्चा धावदोरा घालू लागले. सुई मोडली, तर तिचे सगळे तुकडे सापडून एकमेकांना जुळेपर्यंत नवी सुई लावायची नाही, हा आमचा नियम तेव्हापासूनचा आहे. रोज संध्याकाळी दोरीला बांधलेले लोहचुंबक चटईवरून फिरवायचे. ज्यांना घरी हे काम सुरू करायचे असेल त्यांनी महागडी मशीन सवडीने घ्यावी, पण लोहचुंबक पहिल्याच दिवशी आणावे.

मलमल तेव्हाही इचलकरंजीहून येई, आजही येते. थान आणले की रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून मगच बेतायचे, नाहीतर पहिल्याच धुण्यात झबले आटते आणि दोष शिवणाऱ्याच्या माथी येतो. कापण्याआधी आडवा धागा ओढून घ्यायचा आणि त्या रेषेवरून कात्री चालवायची. सुई ११ नंबरची. त्याहून जाड लावली की मलमलीत भोके दिसतात. शिवताना कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून पहिली टीप सुलट्या अंगाने घालायची, कडा बारीक कातरायच्या, कापड उलटवायचे आणि त्या कडा पोटात घेऊन दुसरी टीप मारायची, म्हणजे बाळाच्या अंगाला एकही सुटा धागा लागत नाही. याला जवळजवळ दुप्पट वेळ जातो. आमचा सगळा व्यवसाय त्या दुसऱ्या टिपेवर उभा आहे.

हे सर्वांत आधी ओळखले ते मिरजेच्या एका आजींनी. त्यांचे आयुष्य प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून गेले होते. पणतूच्या बारशासाठी त्या एसटीने आमच्याकडे आल्या, रंग किंवा किंमत काहीही न विचारता त्यांनी झबले उलटे केले आणि काखेची शिवण स्वतःच्या ओठांवरून फिरवली. "बोटांना कळत नाही गं पोरी, ओठांना कळतं," असे म्हणून त्यांनी चार जोड घेतले. तेव्हापासून प्रत्येक नव्या थानाचे पहिले झबले मी तसेच तपासते.

२०१३ च्या दिवाळीनंतर बाजारपेठेतील एका मोठ्या कापड दुकानाचे मालक स्वतः आमच्या घरी आले. "ताई, दीडशे जोड द्या, विकतील तसे पैसे देतो," असे त्यांचे बोलणे होते. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा काचेचा काउंटर उभा राहिला आणि मी जांगडावर, म्हणजे विकला जाईल तेवढ्याचेच पैसे या बोलीवर, माल द्यायला तयार झाले. बचत गटाचे चाळीस हजारांचे कर्ज काढले, दोन बायका कामाला घेतल्या आणि संक्रांतीपर्यंत दीडशे जोड पोचवले. मापे समजावीत म्हणून त्यांनी खाकी कागदावरचे कटिंगही मागून घेतले आणि मी ते विश्वासाने दिले. पुढचे तीन महिने मी मुलीला घेऊन त्यांच्या पायरीशी बसत होते आणि "माल हलत नाही, ताई" एवढेच उत्तर घेऊन परतत होते. एप्रिलमध्ये ९२ जोड टेम्पोतून परत आले. लेबले कातरलेली, घड्या पिवळ्या पडलेल्या. उरलेल्या ५८ पैकी १८ खराब निघाले असे सांगून चाळिसांचेच पैसे हाती ठेवले.

त्याच आठवड्यात शेजारच्या बारशात त्या दुकानाचा डबा आला. आमचा गळा, टोपड्याच्या आमच्या सहा चुण्या, आणि डाव्या कुशीवर घेतलेले आमचे बंद. माझी मुलगी पाठीवर निजवली की बंदाची गाठ तिला रुतत असे, म्हणून मी ते कुशीवर नेले होते. किंमत आमच्यापेक्षा शंभर रुपयांनी कमी. मी झबले उलटे केले, तर आत एकच टीप आणि कडांना नायलॉनच्या धाग्याचे ओव्हरलॉक, जे बाळाच्या कातडीला कुसळासारखे टोचते. जाब विचारायला गेले तेव्हा "कटिंग काय कोणाच्या मालकीचं असतं का?" असे चार गिऱ्हाइकांसमोर मला ऐकवले गेले. ते वाक्य मी आजही विसरलेले नाही.

पाटल्या गहाण ठेवून मी दोघींची मजुरी चुकती केली. काम बंद करण्याचा विचार पक्का झाला होता, तेव्हा मिरजेच्या आजी दोन पिशव्या घेऊन आल्या आणि परत आलेल्या मालातले तीस जोड पूर्ण किमतीला घेऊन गेल्या. ओळखीच्या बाळंतिणींना त्यांनी ते दिले आणि प्रत्येकीला आमचा फोन नंबर स्वतःच्या अक्षरात लिहून दिला. दसऱ्यापर्यंत उरलेले सगळे जोड संपले. जांगडावर माल देऊ नका, द्यावाच लागला तर अर्धी रक्कम आधी घ्या, आणि कटिंगचा कागद सख्ख्या नातलगालाही देऊ नका.

पुढची वर्षे कामात गेली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. मशिनी आम्ही वेळेत वरच्या मजल्यावर चढवल्या, मलमलीची अकरा थाने मात्र गेली. ते नुकसान वर्षभरात भरून निघाले आणि नदीचा मला राग आला नाही.

आज आमच्याकडे सहा मशिनी आहेत आणि सासूबाईंच्या पायमशीनवर गळ्याच्या उरेब, म्हणजे तिरप्या कापलेल्या, पट्ट्या होतात. नवी बाई कामाला आली की पहिल्या दिवशी मी तिला दोन झबली उलटी करून हातात देते, एक आमचे आणि एक त्या डब्यातले, आणि दोन्हींची काखेची शिवण ओठांवरून फिरवून बघायला सांगते.