काहिलीपासून फर्मेंटरपर्यंत : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात १९८४ साली वडिलांनी वर्कशॉप टाकलं तेव्हा कामं ठरलेली होती. दसऱ्याच्या आसपास गुऱ्हाळवाल्यांची काहिलींसाठी घाई, एरवी डेअरीच्या टाक्या, पाइपलाइन, किरकोळ दुरुस्त्या. पुढं जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांची कामं येऊ लागली. मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या जुन्या कॉलममध्ये, म्हणजे वाफेच्या उंच उभ्या नळकांड्यात, प्लेटांवर तांब्याच्या बबल कॅप, म्हणजे टोप्या, असतात. त्या झिजल्या की नमुना आमच्याकडं यायचा, आम्ही माप घेऊन तशाच नव्या करून द्यायचो. वाफ त्या कॅपखालून बुडबुड्यांनीच का सोडायची, हे कुणी विचारत नव्हतं आणि कुणी सांगतही नव्हतं.

वडील माळकरी. दारूच्या धंद्याची कामं घेता म्हणून भावकीत एकदोघांनी टोकलंही. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं : "आपण भांडं करतो. आत काय शिजवायचं ते ज्याचं त्यानं बघावं." ही भूमिका पंचवीसेक वर्षं चालली. नंतर ती चालेना, आणि आमच्या धंद्याची खरी गोष्ट तिथून सुरू होते.

२००९ च्या सुमारास पुण्यात मायक्रोब्रुअऱ्या, म्हणजे बिअर बनवणारे छोटे कारखाने, सुरू झाल्या. टाक्या बहुतेक बाहेरून यायच्या. अशाच एका ठिकाणचे इंजिनिअर हजार लिटरच्या फर्मेंटरचं, म्हणजे बिअर आंबवायच्या टाकीचं, ड्रॉइंग घेऊन आले. दुधाची टाकी आम्ही डोळे मिटून करू, पण या ड्रॉइंगमधल्या निम्म्या गोष्टींना दुधाच्या हिशेबानं काही अर्थच लागत नव्हता. तळाला ६० अंशांचा निमुळता कोन कशाला? वर पाव टाकी रिकामी कशाला? एकाच टाकीला थंड करायची दोन वेगळी जॅकेटं, म्हणजे गार पाणी फिरवायची बाहेरची दुहेरी भिंत, कशाला? माप होतं, कारण नव्हतं. आणि कारण माहीत नसलं की गिऱ्हाईक "जरा खर्च कमी करा" म्हणालं तर काय कापायचं नि काय नाही, हे ठरवता येत नाही.

बहुतेक उत्तरं यीस्टपाशी, म्हणजे साखरेचं अल्कोहोल करणाऱ्या सूक्ष्म जिवांपाशी, सापडली. आंबवणं संपत आलं की यीस्टच्या पेशी एकमेकींना चिकटून खाली बसतात. त्या तळातून काढून पुढच्या घाण्याला वापरायच्या असतात. उतार कमी पडला तर थर भिंतीला धरून राहतो, पेशी तिथंच मरतात, फुटतात आणि बिअरला उकडल्यासारखा, मांसाच्या रश्श्यासारखा वास लागतो. म्हणून तो कोन. रिकामी जागा फेसासाठी. आतलं पॉलिश ०.८ मायक्रॉन किंवा त्याहून गुळगुळीत, कारण खरखरीत जागी जंतू लपतात आणि धुण्याचं पाणी तिथवर पोचत नाही.

जॅकेटांचा विषय मला अजूनही सगळ्यांत आवडतो. आंबवताना, म्हणजे १८–२० अंशांना, वरचं जॅकेट पुरतं. भिंतीपाशी थंड झालेली बिअर जड होऊन खाली उतरते, मधून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे वर चढतात आणि टाकी आपोआप ढवळली जाते. पण बिअर मुरवायला शून्याच्या जवळ न्यायची म्हटली की गणित उलटतं. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं हे शाळेत शिकलेलो असतो. बिअरचा हा आकडा थोडा खाली, ३ अंशांच्या आसपास. त्याच्याखाली गेलेली बिअर हलकी होते आणि वरच तरंगते. म्हणजे नुसतं वरचं जॅकेट चालू ठेवलं तर वर गोठायची वेळ येते आणि तळ ३ अंशांवरच अडकून बसतो. म्हणून कोनाला स्वतंत्र जॅकेट, आणि म्हणूनच थर्मामीटरचा खिसा कुठल्या उंचीवर पाडायचा याचाही विचार. पैसे वाचवायला खालचं जॅकेट काढा म्हणणारी मंडळी आजही येतात. आता त्यांना समोर बसवून कागदावर बाण काढून दाखवतो.

हे सगळं आमच्यात आणलं ते भाचीनं. शिवाजी विद्यापीठातून मायक्रोबायोलॉजी केलं, मग पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल टेक्नॉलॉजीचा अभ्यासक्रम. ती परत आली आणि वर्कशॉपच्या माळ्यावर एक टेबल, एक मायक्रोस्कोप मांडून बसली. मिथिलीन ब्लू टाकलं की मेलेल्या पेशी निळ्या दिसतात, जिवंत पेशी तशाच बिनरंगी राहतात. चौकटी आखलेल्या काचेवर त्या मोजायच्या. एकदा तिनं आमच्या जुन्या वेल्डरमामांना वर बोलावलं आणि यीस्ट दाखवलं. पेशी पाच ते दहा मायक्रॉनची, जंतू त्याहून लहान. मामा बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "ह्येला तर आमच्या पिनहोलात बिऱ्हाड थाटता येतंय की." त्यानंतर वेल्डिंग करताना आतल्या जोडाला हवा लागू नये म्हणून सोडायचा आर्गॉन वायू कमी सोडलाय, असं त्यांच्या बाबतीत कधी झालं नाही.

माझं शिक्षण डिप्लोमा मेकॅनिकल. भाचीशी बोलायचं तर आपल्यालाही काही यायला हवं, म्हणून मी लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ ब्रुइंग अँड डिस्टिलिंगचं जनरल सर्टिफिकेट दिलं. या संस्थेचं मूळ १८८६ सालापर्यंत मागं जातं. अभ्यास करताना लक्षात आलं की आपण ज्याला निव्वळ धंदा समजतो, त्यानं विज्ञानाला किती दिलंय. एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची रीत हॅन्सननं १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बसवली. पीएचची, म्हणजे आम्लता मोजायची, मोजपट्टी सोरेन्सननं १९०९ मध्ये तिथंच मांडली. थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढायची संख्याशास्त्रातली टी-टेस्ट गिनेसच्या बिअर कारखान्यातल्या गॉसेटची, १९०८ ची. भावकीतल्या टोकणाऱ्यांना मी हे एकदा ऐकवलं. फरक पडला नाही.

एक साधं समीकरण मात्र रोज उपयोगी पडतं. १८० ग्रॅम ग्लुकोजचं ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. साखरेचं जवळपास निम्मं वजन वायू होऊन जातं. नेहमीच्या बिअरच्या हजार लिटरमागं हा वायू ३५ ते ४० किलो भरतो, म्हणजे साधारण २० घनमीटर. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. तळघरात टाक्या बसवणाऱ्यांना आम्ही छताला पंखा लावून समाधान मानू देत नाही. हवा खेचायची ती जमिनीपासून, सेन्सरही खालीच.

याच वायूचा दुसरा हिसका आम्ही एका गावी पाहिला. टाकी आमची नव्हती. बिअर काढल्यावर आत वायू तसाच भरलेला, आणि झाकण बंद ठेवून कॉस्टिक सोड्यानं धुलाई सुरू केली. सोडा कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, आत पोकळी तयार होते. टाकी आतून दीड-दोन बारचा दाब सोसेल अशी बनवलेली असते. बाहेरून दाबलं तर तिचं काही चालत नाही. मधोमध आत बसलेली ती टाकी बघून आलो तेव्हापासून व्हॅक्यूम रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे पोकळी झाली की बाहेरची हवा आत घेणारी झडप, आमच्या कोटेशनमध्ये वैकल्पिक बाबींच्या यादीत नसतो.

गेल्या काही वर्षांत तांब्याच्या लहान पॉट स्टिलची, म्हणजे मद्य गाळायच्या भांड्यांची, कामंही येतात. तांबं दिसायला देखणं म्हणून नाही. वाफेतली गंधकाची दुर्गंधी संयुगं ते धरून ठेवतं. स्टीलमध्ये काढलेलं आणि तांब्यात काढलेलं मद्य शेजारी ठेवून हुंगलं की पटतं. सुरुवातीची धार वेगळी, मधली वेगळी, शेवटची वेगळी. कुठं तोडायचं हे ठरवणारा माणूस गुळव्यासारखा असतो. पाक गोळीबंद झाला की नाही हे गुळव्याला काहिलीकडं बघून कळतं, तापमापक नंतर दुजोरा देतो. या कामात कोल्हापूरच्या माणसाला फार शिकवावं लागत नाही, असं माझं मत.

वडील आता वर्कशॉपात रोज येत नाहीत. आले की माळ्यावर जाऊन भाचीला विचारतात, "आज काय शिजतंय?"

नवीन मुलं विचारतात, हे कुठं शिकायचं? मांजरी आहे, कानपूरची नॅशनल शुगर इन्स्टिट्यूट आहे. पण त्याआधी एक हंगाम कुठल्यातरी डिस्टिलरीत शिफ्टला उभं राहा, मगच फी भरा.

आमच्याकडं चौकशी करताना तीन गोष्टी पाठवा. किती लिटर आणि कोणतं पेय. पाण्याचा रिपोर्ट, त्यातही क्लोराइड, कारण बोअरचं पाणी असेल तर ३०४ जातीचं स्टील द्यायचं की क्लोराइडला जास्त दाद न देणारं ३१६, हे त्यावर ठरतं. आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडच्या परवान्याची प्रत. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चा आहे आणि तो पूर्णपणे जिवंत आहे. "घरापुरतं छोटंसं स्टिल करून द्या" असे फोन येतात, ओळखीच्या माणसांचेही येतात. ते काम आम्ही करत नाही.