कास पठाराचा ड्रोन नकाशा: उंची, ऊन आणि चकवे

कासची ड्रोनमधून टिपलेली दृश्यं देखणी असतात, पण पठाराची तब्येत त्यातून कळत नाही. त्यासाठी दरवर्षी त्याच उंचीवरून, त्याच रेषांवर, कॅमेरा सरळ खाली रोखून काढलेले फोटो लागतात. २०१२ साली जागतिक वारशात गेलेल्या या पठारावर जांभ्याच्या कातळावर माती जेमतेम बोटभर. पायवाट हातभर रुंदावली तरी माती दबते, पाण्याचा ओघ बदलतो आणि त्या पट्ट्यात गेंदाची फुलझाडं विरळ होतात. हे रुंदावणं वरून चांगलं मोजता येतं.

एक इंची, २० मेगापिक्सेलचा सेन्सर आणि ८.८ मिमीची लेन्स असेल तर ६० मीटर उंचीवर एक पिक्सेल साधारण १.६ सेंमीचा पडतो. फोटोत ९० बाय ६० मीटर जमीन मावते. पुढे-मागे ८० टक्के आणि बाजूला ७० टक्के फोटो एकमेकांवर यावेत, म्हणजे दर १२ मीटरला एक फोटो आणि दोन रेषांत २७ मीटर अंतर. सेकंदाला ५ मीटर वेगाने दहा हेक्टर पंधरा मिनिटांत होतात. शटर १/१००० ठेवा, व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचं रंग जुळवणं) लॉक करा. तो ऑटोवर राहिला तर ढग सरकताच नकाशात पट्टे उमटतात आणि तेरड्याचा गुलाबी रंग दोन रेषांत दोन तऱ्हेचा दिसतो.

भाद्रपदात भर दुपारी उडवू नका. सूर्य जवळपास डोक्यावर असतो, कातळावरच्या डबक्यांत तो चमकतो आणि नेमकी वायतुरा ही पाणवनस्पती असलेली डबकी पांढरी पडतात. सकाळी दहाच्या आत, किंवा सगळीकडे सारखं पातळ मळभ असताना उडवावं. मात्र धुकं दरीतून काही मिनिटांत वर येतं, त्यामुळे बॅटरी ३५ टक्क्यांवर येताच परत बोलवा. उड्डाण डांबरी रस्त्यावरूनच करा. नकाशा जागेवर बसवायला जमिनीवर खुणा लागतात, त्यांसाठी रंग फासायचा नाही. ५० सेंमीच्या चटया वापरा आणि त्यांवर ठेवायला वाळूच्या पिशव्या घेऊन जा. पठारावरचा सुटा दगड कधीही उचलू नये, त्याखाली विंचू, पाली असतात. आरटीके ड्रोन (उपग्रहांवरून स्वतःची जागा सेंटिमीटरपर्यंत अचूक धरणारा) असेल तर रस्त्याकडेच्या चार-पाच खुणा पडताळणीला पुरतात, कातळावर उतरावंच लागत नाही. माझ्या मते आरटीकेवरचा जास्तीचा खर्च एवढ्यासाठीच वसूल होतो.

वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ड्रोनच्या नकाशावरच्या हरित क्षेत्रात (ग्रीन झोन) १२० मीटरपर्यंत मुभा असली, तरी त्याने वनविभागाची परवानगी सुटत नाही. घार किंवा गरुड घिरट्या घालू लागला तर त्या दिवशीचं काम थांबवावं.

सगळ्यात मोठा चकवा एनडीव्हीआयचा, म्हणजे लाल आणि इन्फ्रारेड प्रकाशावरून काढलेल्या हिरवाईच्या आकड्याचा. सीतेची आसवं दाट फुलली की निळ्या-जांभळ्या पाकळ्यांखाली हिरवा भाग झाकला जातो, आकडा घसरतो आणि नकाशावर तो तुकडा 'खराब' दिसतो. शेजारी गवत माजलेला तुकडा मात्र हिरवागार. नुसत्या आकड्यावर विसंबून गवताला चांगलं ठरवलं तर संवर्धन उलट्या दिशेला जाईल. म्हणून साधा रंगीत फोटो शेजारी उघडाच ठेवा. शिवाय सीतेच्या आसवांचं फूल सेंटिमीटरभराच्या आतलं, १.६ सेंमीच्या पिक्सेलमध्ये एकेकटं दिसतच नाही, दिसतो तो गालिचा. प्रजाती ओळखायला वाटेच्या कडेला मीटरभर चौकट टाकून खाली बसावंच लागतं. चौकट कुठे टाकायची, तेवढं नकाशा सांगतो.