नव्या पक्षाची आघाडी: चिन्ह, एबी फॉर्म आणि जागांचे गणित

१८ जानेवारी १९७७ ला इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली आणि २३ जानेवारीला जनता पक्षाची घोषणा झाली. मतदान १६ मार्चपासून. हातात जेमतेम साडेसात आठवडे. संघटना काँग्रेस (काँग्रेसच्या फुटीतला इंदिराविरोधी गट), जनसंघ, भारतीय लोकदल आणि समाजवादी पक्ष एकत्र आले. फेब्रुवारीत जगजीवन राम काँग्रेस सोडून आपला नवा गट घेऊन सोबत आले. त्या काळाबद्दल बोलताना आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण यांच्या सभांची आठवण हमखास निघते. माझ्या मते त्या आठवड्यांतला सर्वांत शहाणा निर्णय चिन्हाचा होता.

विलीनीकरण कागदावर झालेच नव्हते, ते पुढे १ मे ला झाले. त्यामुळे बहुतेक राज्यांत सगळ्यांनी लोकदलाचा चक्रातला नांगरधारी शेतकरी उचलला. तमिळनाडूत तेवढे संघटना काँग्रेसचे चिन्ह राहिले. जनसंघाच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे भिंतींवर पणती रंगवली होती, तेच आता दुसऱ्याच्या चिन्हावर मते मागत होते. लोकदलाच्या चिन्हावर २९५ खासदार निवडून आले. महाराष्ट्रात ४८ पैकी काँग्रेसला २०, जनता पक्षाला १९, शेकापला ५, माकपला ३ आणि रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाला १ जागा मिळाली. पक्षात न आलेल्या शेकाप, माकपसारख्या मित्रपक्षांना त्यांची ओळख ठेवू दिली म्हणून हे जमले.

आज नवा पक्ष काढणाऱ्यांना वाट आखून दिलेली आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९ अ कलमाखाली स्थापनेपासून ३० दिवसांत अर्ज करायचा, सोबत १० हजार रुपये शुल्क आणि मतदारयादीत नाव असलेले किमान १०० सदस्य. नोंदणी झाली तरी राखीव चिन्ह मिळत नाही, ते मान्यताप्राप्त पक्षालाच मिळते. विधानसभेच्या किमान ५ टक्के जागा लढवणार असाल तर त्या निवडणुकीपुरते समान चिन्ह मागता येते. महाराष्ट्रात २८८ चे ५ टक्के म्हणजे १५ जागा.

आघाडीत खरी गोम इथेच आहे. हे चिन्ह मुक्त यादीतले, म्हणजे कोणत्याही पक्षासाठी राखीव नसलेले असते. जी जागा तुम्ही मित्रपक्षाला सोडली, तिथे तेच चिन्ह एखाद्या अपक्षाला मिळू शकते आणि तुमचा मतदार निष्ठेने त्याच्यासमोरचे बटण दाबतो. २०२४ ला आंध्रात जनसेनेच्या काचेच्या ग्लासावरून असाच वाद उच्च न्यायालयात गेला. त्याच वर्षी साताऱ्यात शरद पवारांच्या पक्षाचा ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि अपक्षाची पिपाणी यांत गोंधळ झाला. पिपाणीला पडलेली मते विजयी उमेदवाराच्या मताधिक्याहून जास्त होती. म्हणून सोडलेल्या प्रत्येक जागेवर अपक्षांना कोणती चिन्हे मिळाली, हे माघारीच्या दिवशीच बघा आणि मित्रपक्षाचे चिन्ह छापलेली नमुना मतपत्रिका वाडीवस्तीपर्यंत पोचवा.

जागावाटपात छोटा पक्ष ‘चार जागा आणखी द्या’ म्हणून अडून बसतो, तेव्हा त्याला हावरट म्हणायची घाई नको. राज्य पक्ष म्हणून मान्यतेची एक अट आहे ६ टक्के वैध मते आणि २ आमदार. ही टक्केवारी साऱ्या राज्यातल्या मतांवर काढतात. समजा, त्याला ४० जागा दिल्या आणि तिथे त्याने सरासरी ३५ टक्के मते घेतली, तरी राज्यभरात भरतात पाच टक्क्यांच्या आतच. मग दुसरा रस्ता: ३ टक्के किंवा ३ जागा, यांत जे जास्त ते. २८८ मध्ये ते ९ आमदार होतात. त्याला ४० पडेल जागा देण्यापेक्षा २० धड जागा द्या, त्याची मान्यता आणि तुमची आघाडी दोन्ही टिकतील.

एबी फॉर्मवर, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या कागदांवर तर अख्ख्या आघाड्या फसतात. ए फॉर्ममध्ये सही करायचा अधिकार कोणाला ते असते, बी फॉर्ममध्ये उमेदवाराचे नाव. हे दोन्ही फॉर्म उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडले पाहिजेत. सही शाईची हवी, झेरॉक्स किंवा रबरी शिक्का चालत नाही. चर्चा शेवटच्या रात्रीपर्यंत लांबली की दोन पक्ष एकाच जागेवर एबी फॉर्म देऊन मोकळे होतात आणि त्याला मैत्रीपूर्ण लढत म्हणावे लागते. मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला एक नव्हे, १० सूचक लागतात, हेही नव्या पक्षाच्या तालुका अध्यक्षांना अनेकदा ऐनवेळी कळते.

निकालानंतरची बाजू थोडक्यात सांगतो. मित्रपक्षाचा माणूस तुमच्या चिन्हावर निवडून आला तर पक्षांतरबंदी कायद्यासाठी तो तुमचाच आमदार, तुमचा व्हिप (सभागृहातल्या मतदानाचा पक्षादेश) त्याला लागू. स्वतःच्या चिन्हावर आला तर नाही. मंत्रिपदे सभागृहाच्या १५ टक्क्यांपर्यंतच, म्हणजे महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह ४३. सहा पक्षांना शब्द देताना ही बेरीज आधी करा.

जनता पक्षाने चिन्ह आणि जागा निवडणुकीपूर्वी मार्गी लावल्या. पंतप्रधान कोण, हे जयप्रकाश आणि आचार्य कृपलानींवर सोपवून निकालानंतर ठरले. सदस्यत्वाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. जनसंघातून आलेल्यांनी संघाशी नाते ठेवावे की नाही यावरून दुहेरी सदस्यत्वाचा वाद पेटला, चरणसिंग आणि मोरारजी यांच्यातली ओढाताण त्यात मिसळली आणि १५ जुलै १९७९ ला मोरारजींनी राजीनामा दिला. आज करार लिहिताना किमान समान कार्यक्रमावर पानेच्या पाने भरतात. त्यात आणखी तीन कलमे हवीत: जिल्ह्यात एबी फॉर्म कोण वाटणार, मित्रपक्षाच्या संघटनांचे सदस्यत्व चालणार का आणि समन्वय समितीत एकमत झाले नाही तर शेवटचा शब्द कोणाचा. यावर सह्या जागावाटपाच्या आधी घ्या.