बाटलीवरचं करडू : दिवस १ ते ४०

राधानगरी तालुका, मे महिना. उस्मानाबादी शेळीला तीन करडं, सड दोनच. तिसरी पाट (मादी करडू) मागं पडली, म्हणून बाटलीवर घेतली. वजन २.१ किलो. बाटली धरायला सुट्टीला आजोळी आलेली आठ वर्षांची नात.

दिवस १ : नाळेला टिंक्चर आयोडीन. चीक पहिल्या तासात सुरू, चोवीस तासांत वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा. इथं २१० मिली, पाच वेळा विभागून. गार झालेला चीक कोमट पाण्यात बाटली ठेवून तापवा. चुलीवर ठेवलात तर खरवस होईल.

दिवस ४ : पिताना ठसका, नाकातून दूध. पोट लवकर भरावं म्हणून पोरीनं बुचाचं भोक सुईनं वाढवलेलं. बाटली उलटी धरल्यावर थेंब पडावा, धार नको; धार फुफ्फुसात जाते. मांडीवर उताणं घेऊन पाजणंही बंद. करडू चार पायांवर उभं, मान आईला पिताना असते तशी वर.

दिवस ९ : पातळ पिवळी हगवण. ठरलं होतं चार वेळा १०० मिली, मधल्या वेळी चोरून पाचवी बाटली. करडू ओरडतं ते दरवेळी भुकेनं नाही. आपलं माणूस दिसलं तरी ओरडतं. दोन वेळचं दूध तोडून जलसंजीवनी, मग निम्म्या दुधापासून परत.

दिवस १६ : ३.३ किलो. शेवरीचा पाला नाकाच्या उंचीवर टांगला. उसाचं वाडं (शेंड्याचा पाला) नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं.

दिवस २३ : कपाळाला तळहात लावून ढकलाढकलीचा खेळ. गंमत वाटते, पण हीच पाट २५ किलोची झाली की पोरं पाडते. खाजवायचं ते मानेखाली.

दिवस ३३ : शाळा जवळ आली. आज्जानं बाटली धरली की तोंड फिरवते. पोरीचा न धुतलेला फ्रॉक बाटलीला गुंडाळला, तेव्हा ४० मिली प्यायली. तिसऱ्या दिवशी फ्रॉकशिवाय पूर्ण. बाटली दोन-अडीच महिन्यांशिवाय तोडू नका, पण पाजणारं माणूस जाणार असेल तर हात त्याच्या आठवडाभर आधी बदला.

दिवस ४० : ५.२ किलो. पाऊस लागला, बांबूची माची जमिनीपासून दीड फूट. फटी खुरापेक्षा अरुंद, नाहीतर पाय अडकतो. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) लस करडू तीन महिन्यांचं झाल्यावर.

रात्री नातीचा फोन स्पीकरवर लावला की पाट दावं ताणून ओरडते. त्या वेळी आज्जीला दया येते. बाटली वरच्या फळीवर ठेवलेली बरी.