पाऊण मीटरच्या आतला दर्शनी भाग

जुळे सोलापुरातला कोपऱ्याचा प्लॉट, पश्चिमेला तोंड, खाली पार्किंग आणि वर चार मजले. भोगवटा प्रमाणपत्रासाठी अर्ज करायच्या आदल्या दिवशी मी साइटवर शेवटची मोजणी करत होतो. चौथ्या मजल्यावरून, सजावटीच्या चौकटीच्या बाहेरच्या कडेवरून ओळंबा सोडला, खाली खडूने खूण केली आणि भिंतीच्या ओळीपासून टेप लावला. १.१२ मीटर. पुढच्या मोकळ्या जागेत छज्जा किंवा कॉर्निस ०.७५ मीटरपर्यंतच बाहेर काढता येतो. ३७ सेंटिमीटर जास्त, आणि तेही चारही मजल्यांवर.

हे वाढलं कसं, ते थराथराने सांगतो, कारण हीच चूक शहरात जागोजागी दिसते. नकाशात काँक्रीटचा छज्जा ७५ सेंटिमीटर. सेंट्रिंगवाल्याने तो बरोबर ७५च भरला. त्यावर कडेचं प्लास्टर २ सेंटिमीटर, म्हणजे ७७. पुढे एलिव्हेशनच्या ठेकेदाराने छज्ज्याच्या कडेला लोखंडी पाइपची चौकट ३० सेंटिमीटर पुढे काढून ठोकली. त्यावर क्लॅम्प आणि एसीपीची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या सजावटी पॅनेलची, शीट मिळून आणखी ५. कारण विचारलं तर म्हणाला, "साहेब, चपटी दिसालीय की ओ बिल्डिंग. जरा खोली आणली."

त्याचं निरीक्षण बरोबर होतं. इमारत खरोखरच चपटी होती, आणि त्यामागेही नियमच आहे. पूर्वी बाल्कनी ठरावीक प्रमाणात एफएसआयबाहेर, म्हणजे प्लॉटवर परवानगी असलेल्या बांधकाम क्षेत्राबाहेर, धरली जायची, त्यामुळे प्रत्येक मजल्यावर बाल्कन्या पुढे यायच्या आणि दर्शनी भागावर आपोआप सावल्या पडायच्या. डिसेंबर २०२० मध्ये बांधकामाची एकीकृत नियमावली (यूडीसीपीआर) आली. आता पी-लाइनच्या, म्हणजे मजल्याच्या बाहेरच्या कडेच्या रेषेच्या, आतलं सगळं, भिंतींच्या जाडीपासून बाल्कनीपर्यंत, क्षेत्रफळात मोजलं जातं. बिल्डर साहजिकच म्हणतो, ती जागा हॉललाच द्या. बाल्कनी आत जाते, भिंत सरळ होते आणि हरवलेली खोली पत्र्याने वरून चिकटवली जाते. आमच्या इमारतीत तेच झालं होतं.

चौकट उतरवणं सोपं होतं. नट काढले, क्रेनने खाली घेतली. पण तिच्या अँकरसाठी छज्ज्याच्या अगदी कडेला भोकं पाडलेली होती आणि दोन ठिकाणी कड फुटून बार उघडा पडला होता. छज्ज्याची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. तिथून पाणी शिरलं की गंज मुळापर्यंत सरकतो. शिवाय चौकटीचं वजन छज्ज्याच्या टोकावर आणि मे महिन्यातल्या वळवाचा वारा त्या शीटवर! हे वजन स्लॅबच्या डिझाइनमध्ये धरलेलंच नव्हतं. नियमाचा प्रश्न नसता तरी ती चौकट मी उतरवलीच असती.

चौकट काढूनही ७७ उरले. नुसतं प्लास्टर खरवडून भागत नाही, कारण नवं प्लास्टर पुन्हा २ सेंटिमीटर घेणारच. म्हणून काँक्रीटची कड ५ सेंटिमीटर मागे घेतली. आधी ग्राइंडरने वरून आणि खालून २५ मिलिमीटर खोल खाच, मगच छोटा ब्रेकर. खाच न घेता ठोकलं तर तडा भिंतीकडे धावतो. सळईची टोकं आणखी २० मिलिमीटर आत कापली, जस्तयुक्त प्रायमर लावला, पॉलिमर मॉर्टरने भरून घेतलं. अँकरची भोकं इपॉक्सीने बुजवली. खालच्या बाजूला पाणी तुटायची खाच नव्याने काढली, नाहीतर पहिल्याच पावसात भिंतीवर काळे ओघळ. खाली जाळी बांधून, एकेक मजला करत चार दिवस लागले. अर्ज तेवढा लांबला.

दुसरी गोष्ट कंपाउंड वॉलची. ठेकेदाराने आतून मोजून दीड मीटर भिंत बांधली होती. पण उंची मोजायची ती समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून. प्लॉट मुरूम टाकून ३० सेंटिमीटर उचललेला, म्हणजे रस्त्यावरून भिंत १.८ मीटर भरली. भरीव बांधकाम दीड मीटरपर्यंत चालतं, त्यावर उघडी रेलिंग घेऊन २.४ पर्यंत जाता येतं. कोपऱ्यावर मात्र दोन्ही रस्त्यांच्या बाजूला १० मीटरपर्यंत भरीव भिंत फक्त ०.७५ मीटर, वर हवी तर तेवढीच उघडी रेलिंग. तिथे कोपिंगसकट (भिंतीच्या माथ्यावरचा झाकणथर) ब्लॉकचे पाच थर उतरवले, बाकी भिंतीचे दोन, आणि नवं कोपिंग घातलं. काम संपताना एक शाळेची रिक्षा वळणावर आली आणि पलीकडून येणारा दुचाकीवाला तिला दहा पावलं आधीच दिसला. गेटही बाहेर उघडत होतं, बिजागऱ्या फिरवून आत घेतलं.

आता नकाशात छज्जा ७५ लिहिला तरी सेंट्रिंगच्या ड्रॉइंगमध्ये मी ७० देतो. राहिलेले ५ प्लास्टर आणि साइटवरच्या चुकीसाठी.

आणि दर्शनी भागाला खोली हवीच असेल तर ती आत घ्यावी. सोलापूरच्या उन्हाला ती लागतेच. मेच्या मध्याला दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून साधारण ३२ अंश वर असतो. पश्चिमेच्या खिडकीवर ७५ सेंटिमीटरच्या छज्ज्याची सावली जेमतेम अर्धा मीटर उतरते, १.२ मीटरच्या खिडकीचा निम्म्याहून जास्त भाग उन्हात राहतो आणि गादी, कपाट, भिंत सगळं तापतं. त्याच रस्त्यावरच्या पुढच्या इमारतीत पश्चिमेच्या खिडक्यांपाशी पी-लाइनच ४५ सेंटिमीटर आत ढकलली. तेवढं क्षेत्र वाचलं, ते मागच्या बेडरूमला दिलं. छज्जा ७० आणि आत ४५ मिळून सावली खिडकीवर जवळपास पाऊण मीटर उतरते, आणि बाजूच्या भिंतींचे गाल तिरकं ऊन थोडंफार अडवतात. एलिव्हेशनच्या ठेकेदाराला तिथे चौकट लावायला जागा उरली नाही. त्याने फक्त रंग दिला.