आमची वाटचाल : कपाट रिकामं करत करत

धाकट्या बहिणीसोबत मेकअपचा आणि त्वचेच्या प्रसाधनांचा हा व्यवसाय सुरू केला तेव्हा आमच्या कपाटात साठेक वस्तू होत्या. आज अकरा आहेत.

माझे गाल लहानपणापासून लाल. ऊन लागलं, धग लागली, मनावर ताण आला की लाली चढायची आणि तासन्‌तास उतरायची नाही. पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला रोझेशिया हे नाव दिलं. तोवर मी मेकअपचं काम शिकले होते ते आधी स्वतःचे गाल झाकण्यासाठीच. त्यामुळे सुरुवातीला आम्ही गिऱ्हाइकांनाही झाकायलाच शिकवत होतो.

एका ताईंना मी मोठ्या विश्वासाने एक क्रीम दिलं. वनस्पतींच्या तेलांचं, ‘नैसर्गिक’ असं लिहिलेलं. तिसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा चेहरा लालबुंद होता, पाणी लागलं तरी आग होत होती. येताना त्यांनी घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणल्या होत्या. त्या टेबलावर मांडून आम्ही एकेक लेबल वाचत बसलो. माझ्या क्रीममध्ये लॅव्हेंडर आणि पेपरमिंटचं तेल होतं. जवळपास प्रत्येक बाटलीत सुगंध, कुठे मेंथॉल, कुठे भरपूर अल्कोहोल. मी पैसे परत केले, माफी मागितली, पण त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघींनी स्वतःचं कपाट वाचायला घेतलं. ‘वास नसलेलं’ म्हणजे सुगंधविरहित नव्हे, वास दबवायलाही सुगंधी द्रव्य घालतात, हे तेव्हा कळलं. ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ (अॅलर्जी होण्याची शक्यता कमी) या शब्दावर तर आम्ही विसंबणंच सोडलं.

मग उन्हाकडे वळलो. लाली भडकवणाऱ्या कारणांत ऊन फार वरचं, त्यामुळे मेकअपआधी सनस्क्रीन, हा आमचा क्रम ठरला. काहींना सनस्क्रीनमधल्या रासायनिक फिल्टरांनी, म्हणजे ऊन अडवणाऱ्या रसायनांनी, चुरचुरतं, म्हणून आम्ही झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडवाली सनस्क्रीन निवडली. ती सावळ्या चेहऱ्यावर पांढरट दिसायची आणि लोक दोन दिवसांत सोडून द्यायचे. उत्तर सापडलं रंगछटा असलेल्या सनस्क्रीनमध्ये. त्यातलं आयर्न ऑक्साइड पांढरेपणा घालवतं, लाली थोडी झाकतं, शिवाय दृश्य प्रकाशही काही प्रमाणात अडवतं. साधी सनस्क्रीन ते फारसं करत नाही. अनेकींना मग वर फाउंडेशन लागेनासंच झालं. आमची विक्री घटली, पण मला तेच हवं होतं.

एसपीएफच्या, म्हणजे सनस्क्रीन उन्हापासून किती वाचवते ते सांगणाऱ्या आकड्यावरून अजूनही रोज बोलणं होतं. एसपीएफ 30 साधारण 97 टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारी) किरणं अडवतं, 50 साधारण 98 टक्के. खरा फरक पडतो तो किती लावता यात. हा आकडा मोजताना दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावतात आणि आपण बहुतेक जण त्याच्या निम्म्याहूनही कमी लावतो. चेहऱ्याला आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं घ्या, उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. फाउंडेशनवर लिहिलेल्या एसपीएफवर भागवू नका, तेवढा जाड थर कुणीच लावत नाही.

लाली झाकायला मेकअपखाली लावतात तो हिरवा करेक्टर आम्ही जवळजवळ बंद केला. उजळ त्वचेवर तो लाली मारतो, सावळ्या त्वचेवर राखेसारखा दिसतो. तिथे लालीच मुळात तपकिरी-जांभळट दिसते, म्हणून पुष्कळदा ती ओळखलीही जात नाही. अशा चेहऱ्याला पीच किंवा पिवळसर छटा शोभते.

कुणी महिनोन्‌महिने स्टेरॉइडचं मलम तोंडाला लावून लाल झालेला चेहरा घेऊन आलं, तर आम्ही काही विकत नाही. आधी डॉक्टरांकडे जा, सांगितल्याशिवाय मलम एकदम थांबवू नका, एवढंच सांगतो. बाकी सगळ्यांना नमुन्याची डबी देतो. आठवडाभर कानामागे लावून बघा, मग या.

पिशवीवाल्या ताई आजही येतात. सध्या त्यांच्यासाठी डोळ्यांचं काजळ शोधतोय. रोझेशिया डोळ्यांपर्यंतही पोचतो आणि वॉटरप्रूफ काजळ काढताना पापण्या चोळाव्या लागतात. कोमट पाण्याने निघेल असं हवंय. आतापर्यंत चार तपासली, चारही परत पाठवली.