हँडलच्या आत मावणारी बॅग : आमची वाटचाल

पुण्यात सिंहगड रस्त्यापासून थोडे आत, नऱ्हे भागातील एका गाळ्यात २०११ साली आम्ही मोटारसायकलच्या साइड बॅगा शिवायला सुरुवात केली. दोन शिलाई यंत्रे, कटिंगचे एक लांब टेबल, बॅगांच्या कामात केस पांढरे झालेले आमचे मास्तर, फॅब्रिकेशनचे काम शिकलेला माझा धाकटा भाऊ आणि मी, एवढाच पसारा होता. मोटारसायकलने लडाखला जाऊन येणाऱ्यांची संख्या तेव्हा शहरात वाढत होती आणि परदेशी बनावटीच्या बॅगा त्यांतल्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होत्या. घोड्याच्या पाठीवर दोन्हीकडे लोंबणारी पडशी ज्या कल्पनेवर बेतलेली असे, त्याच कल्पनेवर, पण जाड नायलॉनमध्ये आणि लोखंडी आधारावर, आम्ही पहिली जोडी बेतली. प्रत्येक बॅग ४२ सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर उंच आणि २२ सेंटिमीटर जाड होती. म्हणजे एका बाजूला २७ लिटरहून अधिक आणि दोन्ही मिळून ५५ लिटर सामान त्यात राहत असे. ग्राहकाचा पहिला प्रश्न लिटरचा असे आणि त्या प्रश्नाचे मोठे उत्तर देता येते याचा आम्हाला अभिमान वाटत असे.

त्या बॅगा लांबच्या प्रवासासाठी चांगल्याच होत्या आणि आजही आम्ही त्या शिवतो. मात्र लडाखचा प्रवास आयुष्यात एकदा किंवा दोनदा होतो, तर कचेरीचा प्रवास रोज होतो, आणि पाच-सहा हजार रुपये खर्चून घेतलेली वस्तू माळ्यावर टाकून ठेवणे आपल्याकडे कोणालाही पटत नाही. ग्राहक त्याच बॅगा लावून हिंजवडीला, खराडीला, भोसरीला कामावर जाऊ लागले. पाठीवर लॅपटॉपची सॅक घेऊन तास-दीड तास गाडी चालवल्याने ज्यांची मान आणि कंबर धरत असे, त्यांना तर हा मोठाच दिलासा वाटला. हे आम्हाला बराच काळ नीट ठाऊकही नव्हते. ते कळले ते दुरुस्तीच्या टेबलावर.

टाळेबंदीनंतर कचेऱ्या पुन्हा सुरू झाल्या, त्या २०२२ सालातली ही गोष्ट आहे. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल जुलै २०२० मध्ये पाडलेला होता, शिवाजीनगर ते हिंजवडी मेट्रोच्या कामासाठी गणेशखिंड रस्त्यावर आणि बाणेर रस्त्यावर पत्र्यांची कुंपणे उभी राहिली होती, आणि पूर्वी जेथे दोन गाड्यांच्या मधून दुचाकी सहज निघत असे, तेथे आता रस्ताच अरुंद झाला होता. त्या वर्षी दुरुस्तीला आलेल्या बॅगा मास्तरांनी एके दिवशी एका रांगेत मांडल्या आणि मला बोलावून दाखवल्या. प्रत्येक बॅग जवळपास एकाच ठिकाणी झिजलेली होती : बाहेरच्या बाजूचा, मागचा कोपरा. काहींवर मोटारीच्या बंपरचा रंग लागलेला होता, काहींवर पत्र्याने ओढलेली सरळ चीर होती. कापड १००० डेनियरचे होते, म्हणजे ज्याचा ९००० मीटर धागा १००० ग्रॅम भरतो असे मजबूत नायलॉन, आणि तरीही कोपऱ्यावर ते आरपार गेले होते. त्याच आठवड्यात एका ग्राहकाने सांगितले, की वळताना त्यांची बॅग रिक्षाच्या मागच्या कोपऱ्याला अडकली आणि ते गाडीसकट पडले. मनगटाला मुका मार लागण्यावर निभावले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण त्या बॅगेचा खाका मी स्वतः काढलेला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक साधी चाचणी केली आणि ती मी येथे मुद्दाम सविस्तर सांगते, कारण ती कोणालाही घरच्या अंगणात करता येते. भावाची स्प्लेंडर मेन स्टँडवर उभी केली, हँडलच्या दोन्ही टोकांवरून गवंड्याचा ओळंबा सोडला आणि जमिनीवर जेथे टोक आले तेथे खडूने खुणा केल्या. मग बॅगा नेहमीसारख्या भरून लावल्या आणि त्यांच्या सर्वांत बाहेर आलेल्या भागावरूनही तसाच ओळंबा सोडला. हँडलच्या खुणांमधील अंतर ७२ सेंटिमीटर भरले. बॅगांच्या खुणांमधील अंतर ८८ सेंटिमीटर भरले. कागदावर ते ८४ असायला हवे होते, कारण सायलेन्सरपासून राखलेल्या अंतरासह लोखंडी आधाराची बाहेरून बाहेर रुंदी ४० होती आणि प्रत्येक बॅग २२ ची. पण भरलेली मऊ बॅग पोट काढते आणि दोन्हीकडे दोन-दोन सेंटिमीटर वाढ होते, हे कागदावर दिसत नाही. याचा अर्थ असा, की चालवणाऱ्याच्या मुठीच्या बाहेर प्रत्येक बाजूला ८ सेंटिमीटर बॅग येत होती.

चालवणारा समोरची फट आपल्या हँडलने जोखतो. हँडल जाते आहे असे दिसले, की तो गाडी पुढे घेतो, आणि त्याच्या नजरेच्या मागे असलेली बॅग हँडलपेक्षा रुंद असेल तर त्याच्या अंदाजाची चूक नसतानाही त्याची फसगत होते. फटी किती लहान असतात याचाही आम्ही हिशेब मांडला. सात मीटर रुंद रस्त्यावर दोन रांगांच्या जागी तीन मोटारी शेजारी शेजारी थांबल्या आणि प्रत्येक मोटार साधारण पावणेदोन मीटर रुंद धरली, तर मोटारींनी सव्वापाच मीटर व्यापले आणि उरलेले पावणेदोन मीटर चार फटींत वाटले गेले, तेही आरसे न मोजता. अशा गर्दीतून घुसत जावे असे मी कधीच म्हणणार नाही, आणि मोठ्या बसच्या व फूटपाथच्या मधून तर कोणत्याही रुंदीच्या बॅगेसह जाऊ नये. पण सिग्नलला पुढे सरकणे, कुंपणाच्या कडेने जाणे, सोसायटीच्या फाटकातून आत वळणे आणि कचेरीच्या वाहनतळात मुठीला मूठ लावून उभ्या असलेल्या गाड्यांमधून आपली गाडी बाहेर काढणे, हे रोजचे आहे.

त्यावरून आम्ही एक मर्यादा ठरवली : बॅग भरलेली असताना कोणत्याही ठिकाणी हँडलच्या टोकापेक्षा प्रत्येक बाजूला किमान ३ सेंटिमीटर आत राहिली पाहिजे. ७२ मधून दोन्हीकडचे मिळून ६ गेले, उरले ६६. त्यातून आधाराचे ४० गेले, उरले २६. म्हणजे एका बॅगेला १३ सेंटिमीटर. ही वजाबाकी सोपी आहे, परंतु तोवरच्या अकरा वर्षांत आम्ही ती कधी केलेली नव्हती, कारण आम्ही लिटरपासून सुरुवात करून रुंदीपर्यंत येत होतो.

सर्व लांबीभर १३ सेंटिमीटर ठेवावे, की आणखी कमी करावे, यावर आमच्यात बरेच दिवस चर्चा झाली. झिजलेले कोपरे मागचे होते, म्हणून मागे जितके कमी तितके बरे हे उघड होते. दुसरीकडे डब्याचा प्रश्न होता. तीन पुडांचा स्टीलचा डबा साधारण १२ सेंटिमीटर व्यासाचा असतो आणि तो उभाच राहिला पाहिजे, कारण आडवा झाला तर आमटी लॅपटॉपपर्यंत पोहोचते. सपाट डबा वापरा असे ग्राहकाला सांगणे सोपे होते, पण जी वस्तू माणसाच्या घरातील डबा बदलायला लावते ती त्याच्या घरात टिकत नाही, असे मास्तरांचे म्हणणे पडले आणि ते मला मान्य झाले. तेव्हा बॅग पाचरीच्या आकाराची केली : पुढे १३ सेंटिमीटर, जेथे डबा आणि पाण्याची बाटली उभी राहते, आणि मागे निमुळती होत ९ सेंटिमीटर. लांबी ३८, उंची २८ ठेवली. एका बॅगेत साडेअकरा लिटरांच्या आसपास सामान राहते, दोन्ही मिळून २३. पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी. लॅपटॉप, चार्जर, डबा, बाटली, रेनकोट आणि परत येताना घेतलेली भाजी एवढ्याला ते पुरते.

पोट काढण्याचा दोष घालवण्यासाठी बाहेरच्या आणि आतल्या दोन्ही भिंतींत एचडीपीई या चिवट प्लास्टिकची पातळ शीट घातली. त्यामुळे शिलाई अवघड झाली; जुन्या यंत्रांना ती जाडी ओढवेना, म्हणून जाड थर वरून-खालून एकदम पुढे ओढणारे, वॉकिंग फूटचे जुने यंत्र विकत घेतले. लॅपटॉपचा कप्पा चाकाच्या बाजूच्या भिंतीला लावला, जेणेकरून बाहेरून धक्का बसलाच तर तो आधी रेनकोटला आणि डब्याला लागेल. आणि तो कप्पा वरून टांगता ठेवला, त्याच्या तळाशी दोन सेंटिमीटर मोकळी जागा सोडली, कारण खड्ड्यातला दणका तळातूनच वर येतो. पट्ट्यांची लोंबणारी टोके आम्ही पूर्णपणे बंद केली. चाकाजवळ सुटे टोक असणे ही धोक्याची गोष्ट आहे, म्हणून प्रत्येक टोक इलॅस्टिकच्या कडीत अडकवूनच बॅग बाहेर जाते.

उजवी आणि डावी बाजू सारखी नसते, हे तर आपल्या गाड्यांचे वैशिष्ट्यच आहे. बहुतेक गाड्यांवर उजवीकडे सायलेन्सर असतो. नायलॉन प्रकारानुसार साधारण २२० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या कितीतरी आधी मऊ पडून आकसते. आमच्या सुरुवातीच्या एका जोडीचा तळ ताम्हिणी घाट चढताना असाच आकसला होता. म्हणून उजव्या बॅगेचा तळ सायलेन्सरपासून ५ सेंटिमीटर वर असतो आणि मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा, त्याच्या दोन्ही बाजूंनी हवा खेळेल असा, भाऊ आधारालाच जोडून देतो.

डावीकडची अडचण वेगळी आणि मला अधिक जवळची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण आवश्यक असते. आपल्याकडे हे संरक्षण म्हणून डाव्या बाजूला साडीगार्ड असतो आणि आईसारख्या असंख्य बायका त्यावर पाय टेकवून एका अंगावर बसून वर्षानुवर्षे प्रवास करत आल्या. आमच्या जुन्या रुंद बॅगेने आईची ती जागाच घेतली होती. ती भावाच्या मागे बसेना. ‘तुमच्या बॅगेला बसवा आता,’ असे ती एकदा म्हणाली आणि रिक्षाने गेली. नवी बॅग अरुंद झाली आणि मागे सरकली, तरी एका अंगावर बसणाऱ्या व्यक्तीच्या पोटऱ्यांना ती लागतेच. तूर्त आमचा सल्ला स्पष्ट आहे : मागे कोणी तसे बसणार असेल तर डावी बॅग काढून ठेवावी. त्यासाठी बॅग दोन कड्या फिरवून एका झटक्यात निघते आणि खांद्याला लावता येते. तशीही कचेरीच्या वाहनतळात बॅग गाडीवर सोडून कोणी जात नाही. एकच बॅग लावायची झाल्यास तीन-चार किलो वजनाने गाडी कलल्यासारखी वाटत नाही, त्याहून जास्त वजन मात्र एका बाजूला घालू नये.

पावसाबद्दल थोडक्यात. चेन कितीही चांगली असली तरी जुलैतील संततधारेत ती पाणी अडवत नाही, म्हणून चेनवर रुंद झडप आणि आत शिवणीविना, उष्णतेने जोडलेली पिशवी, अशी दोन आवरणे आम्ही देतो. बॅगेच्या मागे झाकले जातील अशा ठिकाणी इंडिकेटर असतील तर ते बाहेर सरकवून दिल्याशिवाय आम्ही बॅग बसवत नाही.

विक्रीच्या बाबतीत पहिले वर्ष अवघड गेले. दुकानदार मोठी आणि सडपातळ बॅग शेजारी ठेवत आणि ग्राहक विचारी, की निम्मे सामान मावणारी बॅग त्याच किमतीला कशी. कापड थोडेच वाचते, शीट, टांगता कप्पा आणि जादा शिलाई यांचा खर्च वाढतो, हे काउंटरवर समजावणे त्यांना शक्य नव्हते. काहींनी सुचवले, की चेन उघडली की बॅग रुंद होईल अशी घडी घाला. आम्ही तसा नमुना केला आणि चार ओळखीच्यांना वापरायला दिला. चौघांनीही घडी एकदा उघडल्यावर ती पुन्हा मिटली नाही. म्हणून तो नमुना आम्ही बाजारात आणला नाही, आणि यापुढेही आणणार नाही. ज्याला दोन्ही प्रवास करायचे आहेत त्याने एकाच आधारावर बसणाऱ्या दोन जोड्या ठेवाव्यात, असे माझे मत आहे. त्याला परवडत नसेल तर आम्ही मोठी जोडी प्रवासापुरती भाड्याने देतो.

आता आम्ही दुकानांतून कमी आणि गाळ्यावरून अधिक विकतो. फोन आला की लिटर सांगण्यापूर्वी गाडी कोणती, रोजचा रस्ता कोणता आणि मागे कोण बसते, एवढे तीन प्रश्न विचारतो आणि हँडल टेपने मोजून कळवायला सांगतो. रॉयल एनफिल्डची नवी क्लासिक ३५० असेल तर कंपनीच्या आकड्यांनुसार गाडीची रुंदी ७८५ मिलिमीटर असते, पण कोणी हँडल बदललेले असते, कोणी मुठींना वजने लावलेली असतात, त्यामुळे कागदावरच्या आकड्यावर आम्ही विसंबत नाही. दुरुस्तीला येणाऱ्या सडपातळ बॅगांचे मागचे कोपरे मास्तर अजूनही आधी पाहतात. गेल्या पावसाळ्यानंतर आलेल्यांपैकी दोन झिजलेल्या होत्या. दोन्ही गाड्यांची हँडले मालकांनी अरुंद करून घेतलेली होती.

सध्या टेबलावर डाव्या बॅगेचा चौथा खाका आहे. तिचा पुढचा वरचा कोपरा तिरका कापून तेथे मऊ गादी दिली आहे आणि तळ साडीगार्डच्या रेषेपर्यंत वर घेतला आहे. सामान ८ लिटरांवर आले आहे. रविवारी आई भावाच्या मागे बसून धायरीच्या बाजारात जाऊन येणार आहे. तिने बसायला होकार दिला आहे, बॅगेला अजून दिलेला नाही.